खोली शून्य-चौदा रिकामी आहे असे गृहीत धरून

आमच्या शाळेत लोकशाही आहे. साधीसुधी नाही, बेचाळीस कलमांची. ब्रुसेल्समध्ये ज्यांचे आईबाप युरोपियन युनियनच्या कुठल्या ना कुठल्या काचेच्या इमारतीत नोकरीला जातात, त्यांची पोरं आमच्याकडे शिकतात. फार पूर्वी एका मुख्याध्यापकांना वाटलं, की सत्तावीस देशांचं हे गाडं कसं चालतं ते या पोरांनी पुस्तकातून नाही, अनुभवातून शिकावं. त्यांनी विद्यार्थी संघ काढला, त्याला युनियनचे नियम जवळजवळ जसेच्या तसे चढवले आणि पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. शहाणा माणूस. अनुभव आम्ही घेतोय.

संघात सात भाषांचे सात विभाग: फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश, डॅनिश आणि पोलिश. प्रत्येकाचा एक प्रतिनिधी, प्रत्येकाला एक मत. अध्यक्षपद दर सहा आठवड्यांनी फिरतं, म्हणजे प्रोजेक्टरचा रिमोट कुठल्या कपाटात असतो ते कळेपर्यंत पाळी संपलेली असते. ठराव आणायचा हक्क फक्त तीन शिक्षकांच्या समितीला. त्या तिघांना कोणी निवडून दिलेलं नाही, त्यामुळे शाळेत काहीही बिघडलं की दोष त्यांचा आणि काहीही सुधारलं की श्रेय विभागांचं. शिवाय सगळ्या विद्यार्थ्यांची महासभा आहे. ती महिन्यातून एकदा पलीकडच्या इमारतीत भरते आणि त्यासाठी दोनशे खुर्च्या इकडून तिकडे न्याव्या लागतात. सभा संपली की परत आणाव्या लागतात. "मग खुर्च्या तिथेच का नाही ठेवत?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मोठ्या युनियनची संसदसुद्धा दर महिन्याला पेट्या भरून ब्रुसेल्सहून स्ट्रासबर्गला जाते आणि चार दिवसांनी पेट्या भरून परत येते. तिथेही हा प्रश्न फक्त नवखे लोक विचारतात.

साधे निर्णय बहुमताने होतात, पण बहुमत साधं नाही. सातांतले चार विभाग हवेत, आणि त्या चौघांत मिळून शाळेतली पासष्ट टक्के मुलं हवीत. खोल्या, पैसे आणि जेवण या तीन गोष्टींना मात्र सातही जण लागतात. एक जण जरी 'नाही' म्हणाला की विषय संपला. म्हणून आमच्या कँटीनमध्ये दर गुरुवारी बीटचं सूप असतं. सहा विभागांना ते नकोय.

आता मी. झार्या कोरेन, वय सोळा, देश स्लोव्हेनिया. तुम्ही विचाराल, स्लोव्हेन विभाग कुठाय? नाहीये. विभाग काढण्याइतकी पोरंच नाहीत आमची. आम्ही तिघं. अशा मुलांना शाळेत 'विनाविभाग' म्हणतात, आणि बाकीचे विषय शिकायला कुणाच्यातरी विभागात सोय करतात. माझी सोय इंग्रजी विभागात आहे, जिथे आता इंग्रज शोधून सापडत नाही. देश युनियनमधून निघून गेला, विभाग तेवढा राहिला. संघाच्या बैठकीत विनाविभागवाल्यांना निरीक्षक म्हणतात. निरीक्षकाला भिंतीजवळ एक खुर्ची मिळते आणि ऐकण्याचा पूर्ण अधिकार मिळतो. गेली चार वर्षं मी तो अधिकार अतिशय मन लावून बजावला. या सप्टेंबरात मला अचानक लक्षात आलं की मला बोलता पण येतं. घरच्यांना त्याचा त्रास होतो, पण ते वेगळं.

आम्हा तिघांचा स्लोव्हेनचा तास खोली शून्य-चौदामध्ये होतो. तळमजला, बॉयलरच्या शेजारी. हिवाळ्यात उकडतं, उन्हाळ्यात जास्त उकडतं. पूर्वी तिथे नकाशे ठेवायचे. एक अजून भिंतीवर आहे, त्यात आमचा देशच नाही, सगळा मिळून युगोस्लाव्हिया आहे. ब्रेडाबाई तो काढू देत नाहीत. "ही पण एक युनियनच होती, पोरांनो," एवढंच म्हणतात. ब्रेडाबाई तीन शाळांत शिकवतात, दोन ट्राम बदलून येतात, आणि पिशवीत वह्यांच्या शेजारी अक्रोडाची पोतित्सा, म्हणजे आमच्याकडचा सारण गुंडाळलेला गोड पाव, घेऊन येतात, ती चौथ्या तासाला कापतात. तीन मुलांच्या वर्गासाठी एवढं कोण करतं? म्हणून मी त्यांच्या तासाला कधी दांडी मारत नाही. तिघांतला एक जरी नसला तरी तेहतीस टक्के वर्ग गैरहजर होतो.

ऑक्टोबरात अध्यक्षपद फ्रेंच विभागाकडे होतं, म्हणजे अपोलिनकडे. अपोलिन सतरा वर्षांची आहे, पण चालते अशी की मागून तिचा सेक्रेटरी येत असावा. एका मंगळवारी तिची मेल आली: 'विश्रांतिकक्षाबाबतचा मसुदा, चौथी सुधारणा.' अकरा पानं, तीन परिशिष्टं. शेवटी लिहिलं होतं, की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कोणी काही बोललं नाही, तर मसुदा मंजूर.

अकरा पानं कोण वाचतं? मी वाचली. मला मत नाही, त्यामुळे मला वेळ असतो. शिक्षकांच्या समितीने मुलांसाठी एक विश्रांतिकक्ष सुचवला होता: सोफे, दिवे, कॉफीचं मशीन. छान. कुठे, ते नवव्या पानावर, तिसऱ्या परिशिष्टाच्या तळटीपेत, मुंगीच्या अक्षरात होतं. 'खोली 014 रिकामी आहे असे गृहीत धरून.'

मी तशीच ऑफिसात गेले. ऑफिसातल्या बाई वाईट नाहीत, त्यांना फक्त सगळं माहीत असतं. त्या म्हणाल्या, "ब्रेडाबाईंच्या वेळेला दुसरी एकही खोली मोकळी नाही. खोली गेली तर तुमचा तास शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जोडू. बुधवारी दुपारी."

"तिथे आमच्या वर्गाची मुलं आहेत?"

"आहेत ना. आठ-आठ वर्षांची."

"आणि माझी परीक्षा?"

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. पुढच्या वर्षीच्या शेवटच्या परीक्षेचा फॉर्म नोव्हेंबरात भरायचा होता. त्यात 'पहिली भाषा' असा रकाना आहे. त्या पातळीचा वर्ग शाळेत चालू असला तरच ती भाषा लिहिता येते. "नसेल तर इंग्रजी लिही," त्या म्हणाल्या. "तुझं इंग्रजी छान आहे गं."

छान आहे. पण ते माझं नाहीये.

त्या संध्याकाळी मी आतीला पकडलं. आती म्हणजे माझा बाबा. तो युनियनमध्ये स्लोव्हेनियाच्या वतीने माशांच्या वाटाघाटी करतो. स्लोव्हेनियाला समुद्रकिनारा पन्नास किलोमीटरसुद्धा नाही, त्यामुळे आती बराचसा वेळ इतरांचे मासे ऐकून घेत असतो आणि घरी येईपर्यंत दमलेला असतो.

"आती, गप्प राहिलं की मंजूर, हा काय प्रकार आहे?"

"उत्तम प्रकार आहे," तो बटाटे सोलता सोलता म्हणाला. "सत्तावीस देशांकडून 'हो' वदवून घ्यायचं तर सत्तावीस भाषणं ऐकावी लागतात. त्यापेक्षा मसुदा पाठवायचा आणि म्हणायचं, अमुक वेळेपर्यंत कोणी बोललं नाही तर होकार समजू. लोक विसरतात. लोक जेवायला जातात. युरोप पुढे जातो."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं आधीच खाली ठरलेलं असतं. मंत्री फक्त मान हलवतात. आणि कुठले मंत्री, हेही महत्त्वाचं नाही. जी बैठक आधी येईल ती. माझ्या मासेमंत्र्यांनी मागे पहिल्या मिनिटाला विमानतळावरच्या सामानाचा नियम मंजूर केला आणि मग बांगड्याकडे वळले."

"मसुदा पटला नाही तर काय करायचं?"

"मौन मोडायचं. लेखी. एक ओळ पुरते. मग बैठकीत चर्चा होते."

"मग मी मोडते."

"तू सदस्य आहेस?"

"निरीक्षक."

आतीने सुरी खाली ठेवली. "मग तू ओरडलीस तरी ते मौनच, बाळा. एखादा सदस्य शोध."

बुधवारी मी सदस्य शोधायला निघाले. पहिला आमच्याच इंग्रजी विभागाचा, ओशिन, आयर्लंडचा. कागदोपत्री तो माझाही प्रतिनिधी आहे. त्याला नव्या खोलीत गिटार ठेवायला कपाट कबूल झालं होतं. तो इतका शरमला की मलाच त्याची समजूत घालावी लागली.

मग इटालियन विभागाचा रुज्जेरो.

"झार्या, तुझ्यासाठी मी जीव देईन," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "कॉफीचं मशीन मात्र देणार नाही."

"अरे पण मशीन दुसऱ्या खोलीत बसेल की!"

"दुसऱ्या खोलीला पाण्याची लाइन नाही. बॉयलर कुठाय? शून्य-चौदाच्या शेजारी. हे मी नाही, निसर्गाने ठरवलंय."

जर्मन विभागाची हेन्रिके ग्रंथालयात निळी फाइल उघडून बसली होती. तिने माझं सगळं ऐकलं, एकदाही मध्ये बोलली नाही, दोनदा टिपून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

"मला विभागाशी बोलावं लागेल," ती म्हणाली.

"बोल ना मग."

"विभागाची बैठक सोमवारी असते."

"मुदत शुक्रवारी संपतेय, हेन्रिके."

"हो," ती मनापासून म्हणाली. "ते दुर्दैवी आहे."

शेवटी डॅनिश विभागाचा आस्गर. आस्गर सहा फूट उंच आहे आणि दारातून जाताना दारालाही 'माफ कर' म्हणेल असा आहे. तो पावावर चॉकलेटच्या पातळ वड्या मांडून खात होता. त्यातला अर्धा त्याने मला दिला.

"तू हरकत नोंदवशील?" मी विचारलं.

"तुझ्या हरकतीला माझी काहीच हरकत नाही."

"तसं नाही रे, तू लिहायचंस. संघाला."

"विभागाला विचारून बघतो. काहीही ठरलं तरी मी उत्तर नक्की पाठवीन. उत्तरच न देणं आमच्या घरी फार वाईट समजतात."

या वाक्यावर मी दोन दिवस काढले. गुरुवारी तर बीटचं सूप पण प्यायले.

शाळेत मोबाइल चालत नाहीत, म्हणून शुक्रवारी मी साडेअकरापासून ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरला चिकटून बसले. संघाच्या मेल निरीक्षकांना वाचता येतात, पाठवता येत नाहीत. काच लावलेल्या मिठाईच्या दुकानासारखं असतं ते. पावणेबारा झाले, काही नाही. अकरा त्रेपन्नला टिंग वाजलं.

'प्रिय अपोलिन, डॅनिश विभागाने मसुदा आनंदाने वाचला. आमची काहीही हरकत नाही. इतकी मेहनत घेतल्याबद्दल मनापासून आभार. शनिवार-रविवार छान जावो. तुझा, आस्गर.'

"तीनशे केसाळ अस्वलं!" मी ओरडले. आमच्याकडची ही खरीखुरी शिवी आहे. आमचा देश सौम्य आहे, शिव्यासुद्धा जंगलातून आणतो. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. मी खुर्चीत मागे टेकले आणि ती मेल दुसऱ्यांदा वाचली. मग तिसऱ्यांदा. मग मला गेल्या मे महिन्यातल्या टाळ्या आठवल्या.

गेल्या मेमध्ये सहलीचा मसुदा असाच मौनावर होता. फ्रेंच विभागाला तो आवडला नव्हता, पण हरकत घ्यायला ते विसरले. बारा वाजायच्या आत स्पॅनिश विभागाने मात्र टाळ्यांचं चित्र पाठवलं, कौतुक म्हणून. फ्रेंच विभाग उभा राहिला आणि म्हणाला, मौन म्हणजे मौन, टाळी हा आवाज आहे. दीड तास वाद झाला आणि शेवटी तसंच ठरलं: कुठल्याही सदस्याने काहीही लिहिलं, चांगलं असो की वाईट, तर मौन मोडलं. इतिवृत्तात नोंद आहे. मी तिथेच होते, भिंतीजवळ, ऐकत.

आणि आता आस्गरने चक्क आभार मानले होते!

घड्याळात अकरा पंचावन्न. हे मला दिसून उपयोग नव्हता, कुणा सदस्याने बारापर्यंत म्हणायला हवं होतं. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरले आणि हेन्रिकेला भौतिकच्या प्रयोगशाळेच्या दारात गाठलं.

"हेन्रिके, मौन मोडलंय."

"कोणी?"

"आस्गरने."

"हरकत घेतली?"

"आभार मानले."

हेन्रिकेने सफरचंद चावायचं थांबवलं. निळी फाइल उघडली. पानं मागे, मागे, आणखी मागे. "मेचं इतिवृत्त," ती हळूच म्हणाली. "टाळ्यांचं प्रकरण." तिच्या गालांवर चक्क रंग आला.

"तुला विभागाला विचारायला नको?" मी उगाचच विचारलं. इतका आगाऊपणा मी आधी कधी केला नसता.

"भाषेचा प्रश्न असता तर विचारावं लागलं असतं," ती म्हणाली. "हा नियमाचा प्रश्न आहे."

अकरा एकोणसाठला प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवरून तिची मेल सगळ्यांना गेली. तिच्या मेलनेसुद्धा मौन मोडलंच, पण ते तिने दुसऱ्या परिच्छेदात स्वतःच नमूद केलं होतं.

शनिवार-रविवार मी काय केलं? ती अकरा पानं परत वाचली, शब्दन् शब्द, परिशिष्टांसकट. हेन्रिकेने दार उघडलं होतं, पण आत जाऊन बोलायचं काय? 'प्लीज' म्हणून चालत नाही तिथे. 'प्लीज' ऐकून त्यांना फक्त वाईट वाटतं. सातव्या पानावर मला जे हवं होतं ते सापडलं.

मंगळवारी बैठक. अपोलिनने पहिल्यांदा आस्गरकडे मोर्चा वळवला.

"आभार का मानलेस?"

"म्हणजे... सभ्यपणा म्हणून."

"सभ्यपणा शेवटी असतो, आस्गर. 'इतर विषय' मध्ये."

मग तिने विश्रांतीची घोषणा केली आणि एकेकाला बाहेर कॉरिडॉरमधल्या रेडिएटरजवळ नेलं. मोठ्या युनियनमध्येही असंच चालतं. अध्यक्ष एकेका देशाला बाजूला घेतो आणि हळू आवाजात विचारतो, खरं सांग, कितीवर मानशील? लोक त्याला कन्फेशनच म्हणतात, फक्त इथे पापांची क्षमा होत नाही, पापांची अदलाबदल होते. प्रत्येक जण रेडिएटरवरून परत आला की पडद्यावरच्या मसुद्यात एक चौकोनी कंस वाढायचा, म्हणजे अजून न ठरलेली एक मागणी. रुज्जेरोचा कंस: [मशीन दूध फेसाळणारे असावे]. ओशिनचा: [कपाटाला कुलूप]. स्पॅनिश विभागाने [दिवे मंद] मागितले, पोलिश विभागाने [मंद नसावेत], आणि पोलिश विभागानेच लिहून घेतलं की यातल्या कशाचाही गुरुवारच्या सूपवर परिणाम होणार नाही. खोली मात्र कुणाच्याच कंसात नव्हती. ती बाहेर होती, सगळ्यांना मान्य.

मला रेडिएटरकडे कोणी बोलावलं नाही. माझं पाप कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

सगळे परत बसले तेव्हा मी हात वर केला.

"निरीक्षकांना वेळ नाही, राणी," अपोलिन गोड आवाजात म्हणाली. "एखाद्या सदस्याने आपली दोन मिनिटं दिली तरच."

ओशिन आपल्या बुटांच्या नाड्या बघायला लागला. मग आस्गर उभा राहिला, कान लाल, आणि म्हणाला, "माझी घे. मी शुक्रवारी जरा जास्तच बोललोय."

मी उठले. आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले.

"पान नऊ," मी म्हणाले. "तळटीप. खोली शून्य-चौदा रिकामी आहे असं गृहीत धरलंय. आता पान सात उघडा. विश्रांतिकक्षाच्या भिंतीवर युनियनचं ब्रीद रंगवायचंय, 'विविधतेत एकता', चोवीस भाषांत. भाषांची यादी आहे. स्लोव्हेन पण आहे, धन्यवाद. मजकूर कोणाकडून घ्यायचा तेही लिहिलंय. कोणी वाचेल?"

कोणी वाचेना. हेन्रिकेने वाचलं. "'खोली 014 मध्ये भरणाऱ्या वर्गाकडून.'"

"म्हणजे सातव्या पानावर आम्ही आहोत," मी म्हणाले. "नवव्या पानावर नाही. आठव्या पानावर आमचं काय झालं?"

रुज्जेरो फसकन हसला.

"ती परिशिष्टं वेगवेगळ्या गटांनी लिहिली आहेत," अपोलिन म्हणाली.

"ते दिसतंय. आता माझं राहिलेलं एक मिनिट. खोली गेली तर वर्ग गेला. वर्ग गेला तर परीक्षेच्या फॉर्मवर मी पहिली भाषा म्हणून इंग्रजी लिहायची. म्हणजे ज्या भाषेचे लोक या युनियनमधून निघून गेले ती माझी, आणि जे आत आहेत त्यांची नाही. तुम्ही सगळे इथे तासन् तास भांडता. चिडलात की मध्येच आपापल्या भाषेत घसरता. बघितलंय मी, चार वर्षं तेच बघतेय. मलाही माझ्या भाषेत चिडायचंय. नीट, व्याकरणासकट. त्यासाठी आठवड्यातले चार तास आणि एक बॉयलरशेजारची खोली लागते. एवढंच."

मी बसले. कोणाच्याही डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही, गैरसमज नको. पोलिश विभागाने सूपबद्दल परत एकदा खात्री करून घेतली. पण हेन्रिकेने पेन्सिल वर केली.

"मसुदा स्वतःच्याच विरोधात जातो. कलम एकवीस. असा मसुदा मतदानाला घेता येत नाही. दुरुस्त करून पुढच्या बैठकीत आणावा."

पुढची बैठक दोन आठवड्यांनी होती. अपोलिनचं अध्यक्षपद शुक्रवारी संपत होतं, आणि पुढची पाळी जर्मन विभागाची, म्हणजे हेन्रिकेचीच. सहा आठवडे राबून विश्रांतिकक्ष उभा करायचा आणि फीत हेन्रिकेने कापायची, हा विचार अपोलिनच्या चेहऱ्यावरून सरकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"पाच मिनिटं विश्रांती," ती म्हणाली. "झार्या, जरा रेडिएटरपाशी ये."

काय सांगू! चार वर्षांत पहिल्यांदा. रेडिएटर छान कोमट होता.

"काय हवंय तुला?" तिने विचारलं. राणी वगैरे संपलं होतं.

"खोली."

"ते सोडून बोल. खोलीवर सगळ्यांचं एकमत झालंय. एकमत परत उघडलं तर नाताळपर्यंत बंद होत नाही."

हे मात्र खरं होतं. खोली वाचवायला सात होकार लागत नव्हते, एक नकार पुरला असता. पण माझ्याकडे तो एक नव्हता. आणि हेन्रिकेचा नकार मसुदा दुरुस्त होईपर्यंतच चालणार होता.

"मग तास," मी म्हणाले. "सोमवार आणि गुरुवार, तिसरा-चौथा. तेवढा वेळ ती वर्गखोली. बाकी तुमचे सोफे."

"तात्पुरतं," ती लगेच म्हणाली.

"कधीपर्यंत?"

"पुढचा आढावा होईपर्यंत."

"आणि आढावा कधी?"

अपोलिनने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. "तारीख लिहायची काही गरज आहे का?" ती म्हणाली. त्या क्षणी मला ती पहिल्यांदा आवडली.

आत जाऊन तिने मसुदा वाचला. कुणीच जिंकलं नव्हतं, त्यामुळे सगळे खूश होते. रुज्जेरोने फक्त एवढं घालून घेतलं, की तासाच्या वेळी मशीन बंद ठेवायचं नाही. ओशिनने घालून घेतलं की गिटार न्यायला आत येता येईल. स्पॅनिश आणि पोलिश विभागांत दिव्यांवर तोडगा निघाला: अर्धे दिवे मंद. आणि कुणीतरी, मला अजून कळलेलं नाही कोणी, एक ओळ सरकवली, की वर्गाने विश्रांती घेणाऱ्यांना व्यत्यय येणार नाही अशा आवाजात शिकावे. सात हात वर गेले. अपोलिनने हा फ्रेंच अध्यक्षपदाचा ऐतिहासिक विजय असल्याचं जाहीर केलं. मग नेहमीप्रमाणे सगळ्यांचा एकत्र फोटो. निरीक्षक फोटोत नसतात, म्हणून तो मी काढला. आस्गरने डोळे मिटले होते, दोनदा काढावा लागला.

घरी आतीला सांगितलं. तो म्हणाला, "तात्पुरतं असं शब्दशः लिहिलंय?"

"शब्दशः."

"आणि आढाव्याची तारीख नाही?"

"नाही."

"मग तुझी नातवंडंसुद्धा त्या खोलीत शिकतील," तो म्हणाला, आणि आनंदाने बटाट्यांत एवढं लोणी घातलं की आईने भांडंच काढून घेतलं.

सोफे नोव्हेंबरात आले. नारिंगी. इतके मऊ की बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. पहिल्या सोमवारी ब्रेडाबाई दारात उभ्या राहिल्या, दोन ट्रामचा गारठा अंगावर, हातात पिशवी, आणि त्यांनी ते सगळं पाहिलं: सोफे, अर्धे मंद दिवे, आणि कोपऱ्यात रेल्वेच्या इंजिनाएवढं मशीन.

"ही आपली खोली?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी आणि गुरुवारी," मी म्हणाले. "तात्पुरती."

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी. म्हणजे कोणीच नाही. बाई, मोठी गोष्ट आहे, पोतित्सा कापताना सांगते."

त्या सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या, बुडायला नको म्हणून. मी दप्तरातून फॉर्म काढला. ऑफिसात शेवटचा दिवस होता. पहिली भाषा या रकान्यात मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, शाईने, खोडता येऊ नये म्हणून. खाली बाईंची सही हवी होती. बाईंनी चष्मा लावून तो रकाना वाचला. एका शब्दाचा रकाना, पण त्यांनी बराच वेळ वाचला.

तेवढ्यात रुज्जेरो आत आला, बोटांच्या टोकांवर, नियमानुसार, आणि बटण दाबलं. मशीन गरजलं. सोफ्यावर कागद ठेवला तर पेन आरपार जायला लागलं, टेबल विश्रांतिकक्षात नसतंच, म्हणून बाई उठल्या आणि सरळ त्या मशीनपाशी गेल्या. रुज्जेरोने कप उचलून जागा करून दिली. मशीनच्या डोक्यावर कागद पसरून बाईंनी सही केली. दूध फेसाळत होतं, त्यामुळे सही थोडी हलली.

मधल्या सुट्टीत मी फॉर्म ऑफिसात दिला. तिथल्या बाईंनी सही उजेडाकडे धरून बघितली. "ही अशी का?"

"कॉफी होत होती," मी म्हणाले.

त्यांनी शिक्का मारला.